कवळीताईचा शुक्रवारचा तास

कवळीताईला किळस यायला फार काही लागत नसे. कॉलेजच्या रेडिओ स्टेशनात पाऊल टाकलं की पहिली किळस हेडफोनची. कानावरच्या गाद्यांचं कातडं सोलवटलेलं, त्यात कुणाकुणाच्या केसांचं तेल मुरलेलं, आणि वर एखाद्या दिवट्याने च्युइंगम चिकटवून ठेवलेलं. दुसरी किळस मायक्रोफोनची. त्याच्या स्पंजला आधीच्या निवेदकाच्या तोंडाचा वास यायचा. तिसरी किळस खिडकीतल्या कपांची; तळाशी कॉफी वाळून चिकटलेली आणि त्यात सिगारेटची थोटकं. "शी! माणसं राहतात का डुकरं?" असं म्हणत ती पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढायची, पदर खोचायची आणि पुसायला लागायची. नाक मुरडायची, पण यायची. दर शुक्रवारी कामावरून सुटली की थेट इथे.

तुम्ही म्हणाल, हिला कसली एवढी किळस, हिचा तर धंदाच तोंडाचा! खरंच होतं ते. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, ही त्यांत प्लास्टर ओतायची, मेणावर एकेक दात बसवायची, मग गुलाबी हिरड्या घडवून घासूनपुसून चकचकीत करायची. सगळ्या गावाची तोंडं तिच्या टेबलावर आ वासून पडलेली असत. "तोंडाची मला कधी घाण वाटली नाही," ती म्हणायची, "तोंडातून लोक जे काढतात ना, त्याची वाटते." स्टेशनवरची पोरं तोंडावर तिला नुसतं ताई म्हणायची आणि पाठ वळली की कवळीताई. तिला ते ठाऊक होतं. चालतंय म्हणायची.

घरी भाऊ आणि वहिनी. वहिनीच्या मते नणंदबाईंचं डोकं फिरलेलं होतं. "दिवसभर तिकडे राबायचं आणि संध्याकाळी पुन्हा त्या पोरांच्यात फुकट राबायचं! बरं, गाणं तरी धड आहे का? चार माणसं चार दिशांना पळतायत आणि मधूनच आपटतायत." ताई यावर काही बोलत नसे, कारण सुरुवातीला तिचंही मत अगदी हेच होतं.

तिला जॅझच्या नादाला लावलं ते भोंगाकाकांनी. भोंगाकाका म्हणजे ट्रम्पेट वाजवणारे म्हातारबुवा. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर इंजिनं दुरुस्त केली आणि संध्याकाळी ट्रम्पेट फुंकलं. दात गेले तेव्हा डॉक्टरांनी कवळी दिली, ती ताईच्याच हातची. दुसऱ्या दिवशी काका लॅबच्या दारात हजर, कवळी रुमालात गुंडाळलेली. "पोरी, जेवायला झकास आहे. पण फुंकलं की ही माझ्याआधी बाहेर पडते."

पेशंटने डॉक्टरला सोडून लॅबमध्ये यायचं नसतं. ताई खेकसली. पण काका हलेनात. मग काय, वरच्या कवळीची मागची कड वाढव, पुढचे दात केसभर आत घे, पुन्हा घास, पुन्हा बसव. काका तिथेच, प्लास्टरच्या धुळीत उभे राहून फुंकून बघायचे. लॅबचा मालक कानांत बोटं घालून बाहेर जाऊन उभा राहायचा. बऱ्याच खटपटीनंतर एक दिवस सूर सरळ निघाला, लांबलचक, न फाटता. काका थांबले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईला वाटलं, चला, कटकट गेली. पण काका म्हणाले, "शुक्रवारी कॉलेजच्या रेडिओवर ये. तुझे दात काय बोलतात ते ऐक तरी."

ती गेली, आणि अडकलीच.

त्या गावात जॅझ वाजवणारी मंडळी म्हटलं तर बरीच होती, म्हटलं तर कुणीच नव्हतं. एका हॉटेलच्या तळघरात वाजवायचे, एका फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत वाजवायचे. हॉटेलात काय व्हायचं? काका डोळे मिटून जीव ओतताहेत आणि समोरच्या टेबलावर एक जाडजूड गृहस्थ वेटरला ओरडतोय, की सूप गार आहे. सूर हवेत असताना कुणाचा तरी फोन वाजतोय. आणि शेवटी हेच लोक टाळ्या वाजवून "वा, काय वातावरण होतं!" म्हणत निघून जाताहेत. ताई एकदाच गेली होती तिथे. त्या सूपवाल्याच्या डोक्यावर सूप ओतायचं तिने कसं टाळलं ते तिचं तिलाच माहीत.

रेडिओवरचा शुक्रवारचा तास मात्र त्या सगळ्यांचा हक्काचा. इथे काटेचमचे नव्हते. स्टुडिओ म्हणजे जुनी सामानाची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधे काच आणि काचेपलीकडे ताई, बटणांच्या टेबलाशी. आणि एक रीत होती, काकांनी घालून दिलेली: या तासाचं रेकॉर्डिंग करायचं नाही. थेट म्हणजे थेट. वाजलं, गेलं, संपलं. "पुन्हा ऐकता येणार नाही म्हटलं की माणूस कान देऊन ऐकतो," काका म्हणायचे. नवीन पोरं कुरकुरायची, पण रीत मोडली नव्हती कुणी.

दुसरी एक रीत त्यांना नाइलाजाने पाळावी लागे, ती झोपमोडची. झोपमोड हे एका यंत्राचं नाव. पूर्वी काय व्हायचं, फुकट काम करणारी पोरं, रेकॉर्ड लावायची आणि बाहेर टवाळक्या करायला जायची, नाहीतर तिथेच घोरत पडायची. रेकॉर्ड संपली तरी स्टेशन आपलं मुकं. तक्रारी आल्या तेव्हा कॉलेजने एक डबा आणून बसवला. थोडा वेळ आवाज आला नाही की तो डबा आपणहून ठरलेलं रेकॉर्डिंग सुरू करायचा आणि कुणीतरी येऊन बंद करीपर्यंत तेच वाजवत राहायचा. सोय चांगली होती. पण जॅझमधली शांतता आणि झोपलेलं पोर यांतला फरक त्या डब्याला कुठला कळायला? म्हणून शुक्रवारच्या तासाआधी त्याचा खटका खाली करायचा, असा दंडक होता. तो खटका ताई स्वतः खाली करायची. दुसऱ्या कुणावर तिचा विश्वासच नव्हता.

आणि आता या तासावरच गदा आली होती. नवे प्राचार्य उत्साही होते. त्यांना शुक्रवारी त्या वेळेला करिअर मार्गदर्शन हवं होतं. स्टेशनच्या समितीचा अध्यक्ष, म्हणजे शेवटच्या वर्षाचा एक गुळगुळीत मुलगा, दोन्ही बाजूंनी माना डोलवत होता. ताईसमोर म्हणायचा, "ताई, जॅझ म्हणजे आपल्या स्टेशनची ओळख आहे." प्राचार्यांसमोर म्हणायचा, "सर, करिअर म्हणजे काळाची गरज आहे." त्याचं बोलणं ऐकलं की ताईला हात धुवावेसे वाटायचे. शेवटी प्राचार्यांनी ठरवलं, की एक शुक्रवार आपण स्वतः ऐकू आणि मग निर्णय घेऊ. लगेच अध्यक्षाने त्याचा समारंभ केला. त्याच शुक्रवारी तासानंतर हॉलमध्ये भोंगाकाकांचा सत्कार, प्राचार्यांच्या हस्ते.

काकांना सत्काराचं काही नव्हतं. त्यांचं दुसरंच चाललं होतं. त्यांच्या हिरड्या झिजून झिजून पार संपत आल्या होत्या. कवळी कितीही नीट बसवली तरी फुंकलं की हाडावर घासायची आणि रक्त यायचं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आता ट्रम्पेट बंद. काका म्हणाले, एकदाच वाजवतो. काकू कमरेचं हाड मोडून पलंगाला खिळल्या होत्या, त्या दिवसांत त्यांनी एक धून बांधली होती. काकूंना कळू नये म्हणून ते बेकरीच्या गोदामात, पिठाच्या पोत्यांमध्ये बसून ती घटवत. त्यांच्याबरोबर ड्रम वाजवणारा बेकरीचाच मालक होता ना.

"जन्मभर मी बाहेर वाजवलं आणि ही घरी बसून राहिली," काका ताईला म्हणाले. "कधी कार्यक्रमाला आली नाही. आली असती, पण मीच कधी चल म्हटलं नाही. आता तिला चालता येत नाही. म्हणून रेडिओ उशाशी ठेवून आलोय. तिला सांगितलंय, शेवटचं जे वाजेल ते तुझं."

बाकी जगाने ऐकलं काय, न ऐकलं काय. त्या एका बाईने ऐकायला हवं होतं. एवढीच त्या शुक्रवारची गोष्ट.

त्या दिवशी ताईने जरा लवकर येऊन सगळं पुसलं. झोपमोडचा खटका खाली केला. रोज एक छोटा रेडिओ टेबलावर चालू असायचा, बाहेर काय ऐकू जातंय ते कळावं म्हणून; हेडफोनमध्ये नुसतं आतलंच ऐकू यायचं. तो जागेवर नव्हता. "अहो, प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला," अध्यक्ष म्हणाला, "त्यांना ऐकायला नको का?" ताईने तोंड वाकडं केलं, पण वेळ नव्हता. काकांना पाणी द्यायला ती काचेच्या आत गेली, परत आली, हेडफोन चढवला आणि तास सुरू झाला.

पहिल्या तीन-चार धुना जोरात झाल्या. बेकरीवाल्याने ड्रम बडवून काढले, पियानोवाल्या बाईंनी मान हलवून हलवून अंबाडा सोडला. मग काकांनी ट्रम्पेटच्या तोंडाशी रबराचं झाकण लावलं, आवाज मऊ व्हावा म्हणून. बेकरीवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि हात मांडीवर घेऊन बसला. या धुनेत ड्रम नव्हतेच. पियानो अधूनमधून एखादा सूर सोडत होता, बस्स.

काका वाजवायला लागले. कसं सांगावं? कुणीतरी झोपलेल्या माणसाच्या खोलीत शिरावं, चाहूल न देता, तसं वाजत होतं ते. एक सूर. मग थांबणं. एवढं लांब थांबणं, की ताईला वाटलं, विसरले की काय. मग पुढचा सूर, आधीच्याहून हळू. त्या थांबण्यातच सगळं होतं. ताई हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून बसली होती आणि त्या सोलवटलेल्या गाद्यांची तिला आठवणही नव्हती. शेवटचा सूर कधी संपला आणि शांतता कधी सुरू झाली, ते कळलंच नाही. बेकरीवाला डोळे पुसत होता. काकांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवलं, रुमाल तोंडाला लावला आणि काचेतून ताईकडे बघून मान हलवली. झालं.

ताई माइकवर समारोपाची दोन वाक्यं कशीबशी बोलली. तेवढ्यात स्टेशनच्या पोरांनी आत घुसून काकांना आणि बाकीच्यांना हॉलकडे पळवलं. ताई आवरत होती आणि टेबलावरचा फोन वाजला.

"अगं, मी बोलतेय," काकू होत्या. आवाज अगदी बारीक. "यांचं झालं का ग वाजवून? आधीचं सगळं ऐकलं मी. मग शेवटचं सुरू झालं, एक सूर आला आणि... इथे कुणीतरी प्रयोगशाळेत आग लागली तर काय करायचं ते सांगतंय. अजून सांगतोय मेला."

ताई गर्रकन वळली. मागच्या फळीवर झोपमोडचा लाल दिवा जळत होता. खटका वर होता.

म्हणजे काकांच्या पहिल्याच थांबण्याला त्या डब्याने झोपलेलं पोर समजून बाहेर ढकललं होतं. गावभर आगीच्या सूचना गेल्या होत्या, अध्यक्षाच्याच गुळगुळीत आवाजातल्या. रेकॉर्डिंग नाही. दुसरं वाजवणं नाही. संपलं.

"काकू, ते यंत्र..." ती म्हणाली.

"कळलं मला," काकू म्हणाल्या. "त्यांना सांगू नकोस हं. मी ऐकलं म्हणून सांगेन. फार दिवस चाललं होतं त्यांचं. मला माहीत होतं ग, शर्टाला पीठ लागलेलं असायचं. सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार," ताई म्हणाली.

फोन ठेवते तो अध्यक्ष दारात. "ताई, चला ना, सगळे थांबलेत."

"हा खटका कुणी वर केला?"

त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही आत पाणी द्यायला गेलात तेव्हा मी... प्राचार्य सर ऐकणार होते ना. मधेच काही बंद पडलं असतं तर? म्हटलं, सुरक्षित असावं." त्याने दिव्याकडे बघितलं, मग त्याला समजलं. "अरे बापरे. ताई, प्लीज, कुणाला बोलू नका. सरांनी ऐकलं असेल तर तसंही कळेलच."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण काकूंना शब्द दिला होता. शिवाय तिला वाटलं, आता हॉलमध्ये गेल्यावर कुणीतरी म्हणणारच, की अहो, शेवटी काय झालं, मधेच आग कुठून आली? प्राचार्य, प्राध्यापक, समितीची पोरं, झाडून सगळ्यांनी ऐकतो म्हणून सांगितलं होतं. ते विचारतील, मग हळूच काकांना काहीतरी सांगून सांभाळून घेऊ. असं ठरवत ती हॉलमध्ये जाऊन कडेच्या खुर्चीवर बसली.

कुणीही विचारलं नाही.

प्राचार्य उठले. काकांच्या हातात फुलांचा गुच्छ दिला, एक काचेचं मानचिन्ह दिलं आणि बोलायला लागले. "मी आत्ताच माझ्या केबिनमध्ये ऐकत होतो. आणि ती शेवटची धून! काय ते उंच उंच जाणारे सूर! खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं."

उंच? त्या धुनेत एकही सूर उंच नव्हता. ताईने खुर्चीचा हात घट्ट धरला.

मग विभागप्रमुख बाई उठल्या. त्या म्हणे गाडी चालवत होत्या, तर शेवटच्या धुनेला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग ग्रंथपाल. त्यांनी म्हणे सगळे दिवे मालवून ऐकलं आणि पुस्तकांनाही कान फुटले. लोक हसले, टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना "हो रे, शेवट कसला भारी!" म्हणत होती. आणि काका? काका गुच्छ छातीशी धरून प्रत्येकाकडे वळून वळून बघत होते, मान लववत होते. त्यांना सगळं खरं वाटत होतं. त्यांचा चेहरा बघून ताईला आणखीच मळमळायला लागलं. एकेकाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि आत काही नव्हतं. तिच्या टेबलावरचे प्लास्टरचे जबडे परवडले. ते निदान बोलत नाहीत.

"आणि आता," प्राचार्य म्हणाले, "हा तास इतकी वर्षं ज्यांनी सांभाळला, त्या ताई दोन शब्द बोलतील."

ती उठली तेव्हा तिच्या मनात आभार मानून खाली बसायचं होतं. शपथेवर सांगावं तर तेवढंच होतं. पण व्यासपीठावर चढताना ग्रंथपाल तिला म्हणाले, "ताई, काय वाजवलं हो! असं पुन्हा ऐकायला मिळणार नाही," आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"शेवटची धून तुमच्यापैकी कुणीही ऐकलेली नाही," ती माइकवर म्हणाली. "कारण ती गेलीच नाही. झोपमोड चालू राहिला होता. तुमच्या रेडिओवर त्या वेळी प्रयोगशाळेत आग लागली तर वाळूची बादली कुठे असते, ते चाललं होतं. सर, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ते बादलीसाठी आलं का? आणि बाई, तुम्ही गाडी कशाला थांबवलीत? लाज वाटू द्या थोडी. हॉटेलातले लोक निदान सूप पितात, ऐकलं असं तरी म्हणत नाहीत."

ताईला क्षणभर फार बरं वाटलं. उलटी होऊन गेल्यावर वाटतं तसं मोकळं.

आणि प्राचार्य हसले. अगदी मोठ्याने, मनमोकळं. "बघा, कलेवर प्रेम असावं तर असं!" ते म्हणाले. "तांत्रिक अडचणी यायच्याच. पण आपल्या कलाकारांचा सूर आपल्यापर्यंत मनाने पोचला, हेच महत्त्वाचं. मी इथेच जाहीर करतो, शुक्रवारचा तास आहे तसाच चालू राहील!" टाळ्यांचा कडकडाट झाला. विभागप्रमुख बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. ग्रंथपालसुद्धा. एकाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. अध्यक्षाने तर ताईशी हात मिळवला. त्याचा तळवा घामाने चिकट होता.

म्हणजे तिने एवढं सुनावलं ते कुणाला लागलं? कुणालाच नाही. तास तर तसाही राहणार होता. तिने वळून बघितलं तर सबंध हॉलमध्ये एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. काकांनी गुच्छ खाली धरला होता, फुलं जमिनीकडे.

ती जवळ गेली. काकांनी तिला हळूच विचारलं, "पोरी, आमच्या घरच्या रेडिओवरपण तेच लागलं असणार, नाही का?"

ही वेळ होती थाप मारायची. काहीही सांगता आलं असतं. घरच्या रेडिओवर थोडं आलं असेल म्हणता आलं असतं. पण जिने आत्ता माइकवर सगळ्यांची लाज काढली होती, तिच्या तोंडून एक साधी थाप निघेना. ती नुसती बघत राहिली, आणि काकांना काय ते कळलं.

बेकरीवाल्याने त्यांना गाडीतून गल्लीच्या तोंडाशी सोडलं. तिथून घर जवळच. ट्रम्पेटची पेटी ताईने घेतली होती. लोक बाजारातून परतत होते, दुकानं अजून उघडी होती. शेवटी ताईच म्हणाली, "काका, घरी वाजवा ना काकूंसमोर. आत्ता. एकदाच. शेजारीपाजारी काय म्हणतील ते मी बघते."

काका एका दुकानाच्या उजेडात थांबले. खिशातून रुमाल काढून तिच्यासमोर उलगडला. तो लालभडक झाला होता. मग त्यांनी तोंड उघडलं आणि वरची कवळी बोटाने जरा उचलून दाखवली. ताईने आत बघितलं. जन्मभर तिने तोंडंच बघितली होती. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"संपलं ते," काका म्हणाले. "तू खरं बोललीस. त्यांना कुणीतरी बोलायलाच हवं होतं. तुझा स्वभावच तसा आहे, तू काय करणार?"

त्यांनी रागावून दोन शिव्या हासडल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. हे सोसवेना. बाजारातल्या त्या गर्दीत तिला आरडाओरडा करावासा वाटला, पण कुणावर करणार? प्राचार्य घरी जाऊन जेवायला बसले असतील.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. रेडिओ उशाशीच, बंद केलेला. केस विंचरलेले, चांगली साडी नेसलेली. कुणाच्या मदतीने नेसल्या देव जाणे. काका दारातच बूट काढायला वाकले. ताई त्यांच्या मागे पेटी घेऊन उभी होती.

"ऐकलं हं सगळं," काकू म्हणाल्या. चेहरा खुललेला. "अगदी शेवटपर्यंत ऐकलं. किती छान बांधलीत हो! तुम्हाला असं हळुवार येतं हे माहीतच नव्हतं मला. फक्त त्या बेकरीवाल्याला सांगा, शेवटी शेवटी जरा जास्तच बडवत होता. तुमचा सूर झाकला जात होता."

काकांचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. त्यांनी मान वर करून एकदा ताईकडे बघितलं. मग उठले आणि पलंगाशी जाऊन काकूंच्या पायाशी बसले.

"सांगतो त्याला," ते म्हणाले. "मलाही वाटलंच तसं."

"बघा! आणि म्हणता, तुला त्यातलं काही कळत नाही."

"कळतं ग तुला. माझंच चुकलं, आधी ऐकवायला हवं होतं."

मग ते रुमाल धुवायला आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. काकूंनी ताईला खुणेने जवळ बोलावलं, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सांगितलं नाहीस ना ग त्यांना? फार गुणाची आहेस."

ताईने मान हलवली, नाही सांगितलं, अशी. मग पेटी कोपऱ्यात ठेवली आणि जाते म्हणून निघाली.